चढावरचा ठसका

भाऊबीजेला शरदिनीबाई रामनगरला भावाकडे गाडीने निघाल्या आणि पायी पोचल्या. गाडी आणि नवरा अर्ध्या तासाने आले.

झालं ते असं. गंगेवरच्या पुलाचा चढ लागला, बिंदुमाधवरावांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीला ठसका लागला. क्षणभर तिचा श्वासच गेला, मग एक हिसका, पुन्हा मरगळ, आणि शेवटी ती बंदच पडली. मागे ई-रिक्षा, दुधाच्या मोटारसायकली आणि एक बस. ही सगळी मंडळी जे बोलली त्यात गाडीपेक्षा बिंदुमाधवरावांच्या वाडवडिलांचा उल्लेख जास्त होता. शरदिनीबाईंनी फराळाचा डबा उचलला, पदर खोचला आणि मागे न बघता चालू लागल्या.

घरी आल्यावर त्यांनी निकाल सांगितला. आवाज चढवला नाही, त्यामुळे तो पक्का होता.

"शनिवारी मी पुन्हा गाडीत बसेन. एका दमात पूल चढली तर राहू दे. नाही तर रविवारी कबाडी नेईल. त्याला फोन करून झालाय."

बिंदुमाधवराव काशीत दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंची धर्मकार्यं चालवत. घर दूधविनायकाच्या गल्लीत, जिथे समोरून गाय आली तर माणसाला उंबऱ्यावर चढावं लागतं. तिथे गाडी कुठून येणार? वडिलांच्या वेळची ती कार्बोरेटरची गाडी अस्सी घाटाजवळ एका ओळखीच्यांच्या आवारात उभी असे. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ती कधी पाहिली नव्हती, पण बिंदुमाधवरावांकडे गाडी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते स्वतःच सांगत. तिच्या स्टिअरिंगवर वडिलांच्या हातांनी पडलेली झिलई मात्र ते कुणाला सांगत नसत, नुसता हात फिरवत. ती गाडी कबाड्याकडे भंगारात जाणार म्हटल्यावर त्यांना जेवण जाईना.

मदतीला शेजारचे नीलकंठभाऊ आले. त्यांचं आयुष्य रेल्वेच्या डिझेल इंजिनांत गेलेलं, त्यामुळे पेट्रोलच्या गाडीकडे ते भाचरांकडे बघावं तसं बघत. पहिल्या दिवशी त्यांनी प्लग बदलले. दुसऱ्या दिवशी पेट्रोलचा फिल्टर बदलला. शुक्रवारी कॉइल बदलली आणि आता गाडी हिमालयावर जाईल असं जाहीर केलं. गाडी उभी असताना मुंजीतल्या बटूसारखी शहाणी वागे. सावकाश पाय दिला तर गुमान चाले. जरा जोरात दाबलं की ठसका. शुक्रवारी ती हिमालय सोडाच, अस्सीच्या चौकातल्या उंचवट्यावर थांबली.

शनिवारी सकाळी तिघं पुलाच्या अलीकडे रामजतन मिस्त्रीच्या टपरीवर गेले. शरदिनीबाई जातीने आल्या होत्या. नवरा सबबी घेऊन परत येईल, अशी त्यांना रास्त शंका होती.

मिस्त्री सत्तरीचा. त्याने गाडीला हात लावला नाही. चहा संपवत त्याने विचारलं, गार असताना होतं की तापल्यावर, हळू दाबल्यावर की झटक्याने, आणि कधीपासून. दोन्हीत होतं, झटक्याने होतं, दसऱ्यापासून होतं, असं बिंदुमाधवरावांनी सांगितलं. नीलकंठभाऊंनी आपण काय काय बदललं त्याची यादी वाचली. मिस्त्रीने ती अदबीने ऐकून घेतली.

"बाबूजी, आपने पूरे मुहल्ले की तलाशी ले ली," तो म्हणाला. "बस चोर का घर छोड़ दिया."

त्याने इंजिन बंद करवलं, कार्बोरेटरवरचं झाकण काढलं, बिंदुमाधवरावांना वाकून त्याच्या घशात बघायला सांगितलं आणि बोटाने बाजूची दांडी ओढली.

"क्या दिखा, गुरुजी?"

"कुछ नहीं."

"यही तो रोग है. कुछ दिखना चाहिए था."

मग त्याने समजावलं. पाय जोरात दाबला की हवा धावत आत येते, पेट्रोल मागे राहतं. तेवढ्या एका क्षणासाठी आत एक छोटा पंप असतो. तो वरून पेट्रोलची बारीक धार सोडतो आणि इंजिनाची वेळ निभावतो. ती धारच इथे नव्हती. बिंदुमाधवराव थक्क झाले. चाळीस वर्षं ते गाडीत बसत होते, आणि मागितल्याबरोबर कुणीतरी आतून पळीभर वाढतंय हे त्यांना आज कळत होतं.

मिस्त्रीने कार्बोरेटर खोलला. धार सोडणारी पितळी चोच उजेडात धरली. तिच्या छिद्रात मधासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. त्याने ते नखाने काढलं, हुंगलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. नीलकंठभाऊंचा चहा हातातच राहिला.

"मीठा है," मिस्त्री म्हणाला. "इसको शहद किसने चटाया?"

आता बिंदुमाधवरावांना सगळं सांगावं लागलं. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं, अवजारं, वाहनं पुजतात. गाडी गल्लीत येत नाही. म्हणून दरवर्षी नीलकंठभाऊ तिचा कार्बोरेटर काढून देतात, तो ताम्हनातून दूधविनायकाला घरी येतो, गाडीच्या वतीने पाटावर बसतो आणि दुसऱ्या दिवशी परत जातो. पण हळदकुंकू, अक्षता, फूल, एवढंच. मध कुठून आला, देव जाणे.

"मी घातलं पंचामृत," शरदिनीबाई म्हणाल्या.

बिंदुमाधवराव वळले.

"नुसतं कुंकू लावून उठलात. स्नानाशिवाय पूजा होते का हो? हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्ही फोनवर होता, मी दोन पळ्या घातल्या वरून."

बिंदुमाधवरावांनी नवरा म्हणून बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर पडला तो उपाध्याय.

"आणि नंतर शुद्धोदक? पाण्याचं स्नान?"

"पाण्याने यंत्र गंजेल ना. पुसून ठेवलं."

मिस्त्रीला हे हिंदीत सांगितलं तेव्हा तो बराच वेळ मान डोलवत राहिला. तूप पेट्रोलने खाल्लं, तो म्हणाला, पण मध आणि साखर पेट्रोल खात नाही. वर्षभर चालवली असती तरी ते तिथेच बसलं असतं. त्याने चहावाल्याकडून किटलीभर गरम पाणी मागवलं आणि पितळी चोच त्यात सोडली. कार्बोरेटर धुवायच्या महागड्या औषधांचे डबे शेल्फावर तसेच राहिले. राहिलेलं शुद्धोदक जवळजवळ चार आठवड्यांनी पूर्ण झालं. बिंदुमाधवरावांचे हात नकळत जोडले गेले.

चोच फुंकून, वाळवून पुन्हा बसवली. मिस्त्रीने दांडी ओढली. घशात केसाएवढी, सरळ, चकचकीत धार उडाली. चौघेही वाकले. मिस्त्रीने आणखी दोनदा ओढून दाखवली, गरज नसताना.

नीलकंठभाऊंना वाटलं, आता शनिवारची अट गेली. दोष कुणाचा ते उघड झालं होतं. ते तसं सुचवू लागले.

"अट ती अट," शरदिनीबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चूक माझी असली तरी चढायचंय गाडीलाच."

पूल आला. पुढे वाळूचा ट्रॅक्टर रेंगाळत होता, मागे बसच होती. बिंदुमाधवरावांनी पाय दाबला, जोरात, पाठ ताठ करून. ठसका नाही. हिसका नाही. वडिलांच्या गाडीने ट्रॅक्टरला मागे टाकलं, आणि खाली गंगा इतकी रुंद पसरली की बिंदुमाधवरावांना ती आज पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाटली. माथ्यावर आल्यावर त्यांनी निकालासाठी शेजारी पाहिलं.

शरदिनीबाईंनी एका हाताने दाराची मूठ घट्ट धरली होती. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते.

"अगं, चढली."

त्यांनी डोळे उघडले. समोर रामनगरचा उतार होता.

"कधी?"

"आत्ताच."

शरदिनीबाईंनी मागे वळून काचेतून चढाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर नीट केला.

"मी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "परत घ्या खालून."