टेबलावरून गेलेला डोमकावळा

सकाळी साडेअकरा वाजता लिंबागणेश येथील शिक्षिका विजयमालाबाई यांच्या टेबलावरून डोमकावळा नाहीसा झाला. कावळा पोस्टकार्डावरचा, आइसलँडहून आलेला. पक्ष्यांची पोस्टकार्डे जमवणारा कडा गावचा अजिनाथ त्याच्यासाठी सकाळच्या बसने निघाला होता. बदल्यात तो माळढोकाचे कार्ड देणार होता. त्या माळढोकासाठी बाई चार वर्षे थांबल्या होत्या. आज अदलाबदल झाली नाही, तर ते कार्ड लातूरच्या एका डॉक्टरांकडे जाणार होते.

तपास शेजारच्या आप्पारावांनी आपणहून हाती घेतला. ‘खाजगी गुप्तहेर, बीड जिल्हा व परदेश’ असे त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेले आहे. परदेशात ते आजवर शेजारच्या जिल्ह्यातल्या जामखेडपर्यंत गेले आहेत. मी एका दैनिकाचा वार्ताहर. गावात बातमी नसते त्या दिवशी त्यांचा सहायक. म्हणजे बहुतेक रोज.

“आपल्या नजरंतून मुंगी सुटत न्हाई,” आप्पाराव म्हणाले आणि त्यांचा गुडघा टेबलाला आपटला. “चोर अजिनाथ हाय. कार्ड त्यालाच पायजे.”

“त्याला ते मिळणारच होतं,” मी म्हणालो.

“आता फुकट मिळंल ना बे.”

“तो बसमध्ये आहे.”

“हीच तर त्याची चाल हाय.”

मग टेबलावर एक पांढरा डाग सापडला. आप्पारावांनी उघड्या खिडकीकडे पाहिले. खऱ्या कावळ्याने येऊन जातभाईला सोडवून नेले, असा दुसरा निष्कर्ष निघाला. त्यानंतर त्यांनी डागाला बोट लावून ते चाटले.

“खीर हाय.”

या क्रमाबद्दल मी काही विचारले नाही. चोर गोड खाणारा ठरला, त्यामुळे मधुमेही पोस्टमन सुटला. त्याच्यावर संशय होता, हे तोवर कोणालाच माहीत नव्हते.

इतक्यात बाईंच्या सासू केसरबाई जिना उतरून आल्या. “काय हुडकायलाव?”

“माझा कावळा, आत्या.”

“त्यो व्हय. मी नेलाय वर. तुज्या मामंजीचं पित्तर हाय. ताट ठिवून घंटा झाला, एक कावळा फिरकंना. म्हनलं, जोडीदार बसलेला दिसला की येतंय एखादं.”

“मला विचारायचं तरी.”

“इचारलं असतं तर दिला असता का?”

बाई जिन्याकडे निघाल्या.

“मी आता हेच सांगणार होतो,” आप्पाराव म्हणाले.

सगळे गच्चीवर गेले. कार्ड खिरीच्या वाटीला टेकवलेले होते आणि ताटासमोर खरा कावळा येऊन बसला होता. बाई पुढे सरकल्या, तसा केसरबाईंनी त्यांचा दंड धरला.

“थांब की. शिवू दे. माणूस उपाशी हाय.”

अजिनाथ पोचला तेव्हा त्यालाही जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबवण्यात आले. “मी थांबतो बाई,” तो हळूच म्हणाला, “पण दीडची बस थांबायची न्हाई.”

एक वाजून पाच मिनिटांनी हाती आलेल्या माहितीनुसार घरात अजून कोणी जेवलेले नाही, माळढोक अजिनाथच्या पिशवीत आहे, आणि कावळ्याने पहिली चोच मारली आहे. कार्डावर.