सात नंबरचा जार

यामिनीच्या पेपरवर पहिलं नाव कुणाचं टाकायचं, हे ठरवायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक बसली. बैठकीतल्या माणसांपैकी तो पेपर फक्त एकीने वाचला होता, आणि तिला बसायला खुर्ची नव्हती.

ती यामिनीच. कॉलेजात तासिका तत्त्वावर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी, रनाळ्याहून रोज एसटीने येणारी आणि पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला लटकलेली. विद्यापीठाचा नियम सरळ होता. स्वतःचं पहिलं नाव असलेला एक पेपर बऱ्यापैकी जर्नलने स्वीकारला पाहिजे, तरच प्रबंध जमा करता येईल. मार्चपर्यंत हे झालं नाही, तर नोंदणी रद्द. मग एवढी वर्षं प्रयोगशाळेत नाक खुपसून काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगायला काही उरणार नव्हतं.

तिचा विषय होता पाण्याचे जार. लग्नात, तेराव्याला, तहसील कचेरीत, कुठंही टेबलावर दिमाखात बसलेले ते निळे थंड जार. नंदुरबारातल्या निरनिराळ्या प्लांटचे जार तिने आणले, आतून कापसाचा बोळा फिरवला आणि बोळ्याला काय चिकटतं ते पाहिलं. आत बुळबुळीत थर होता आणि त्या थरात जंतूंची अख्खी वस्ती नांदत होती. कोण आधी येऊन जागा धरतो, कोण त्याच्या आडोशाने राहतो, कोण कुणाचं उष्टं खातो, हे सगळं तिने शोधलं होतं. सगळ्यांत दाट वस्ती सात नंबरच्या जारात निघाली. माणसाच्या आतड्यातून बाहेर पडणारे जंतूही त्यात सुखाने संसार करत होते.

सात नंबर म्हणजे 'नवलगंगा' प्लांट. त्याचे मालक नवलभाऊ. नवलभाऊ म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे चेअरमन, आणि बैठकीतल्या मधल्या खुर्चीवर तेच बसले होते.

"लगननी पत्रिकामा कसं राहस?" भाऊ म्हणाले. "पहिले घरना मोठा मानूस. पोरेसोरे नंतर."

"अगदी बरोबर," प्राचार्य म्हणाले. भाऊंच्या वाक्यानंतर हे दोन शब्द म्हणायचीच ती नोकरी होती.

"भाऊ, पण त्या पेपरात सात नंबरच्या जारचं पाणी..." यामिनीने सुरुवात केली.

"पानी? दे रे तिले पानी. कव्हयनी उभी शे पोर."

शिपायाने कोपऱ्यातल्या 'नवलगंगा'च्या जारमधून ग्लास भरून तिच्या हातात दिला. बैठक संपेपर्यंत यामिनीने तो तसाच धरून ठेवला.

ठरलं असं. पहिलं नाव नवलभाऊंचं. दुसरं प्राचार्यांचं. तिसरं काजलचं, ती भाऊंची सून, बी.कॉम. झालेली, म्हणजे शिक्षणाशी संबंध होताच. चौथं यामिनीचे मार्गदर्शक भूपेंद्र सर यांचं. जागा उरली म्हणून पाचवं यामिनीचं.

व्हरांड्यात तिने भूपेंद्र सरांना गाठलं. सरांनी पेपरवर कधीच सही करून टाकली होती. सही करायला वाचावं लागत नाही.

"सर, पहिलं नाव गेलं की माझा प्रबंध गेला."

"प्रबंध जाईल, पण पुढच्या वर्षीच्या तासिका राहतील. दोन्ही घालवायचंय का मॅडम?"

"आणि सगळ्यांत घाण पाणी भाऊंच्याच प्लांटचं निघालंय."

सर थबकले. "प्लांटचं नाव लिहिलंय?"

"नाही. नुसता नंबर."

"मग झालं तर! इंग्रजीत आहे. कोण वाचतंय?"

या एका वाक्याच्या पायावर किती पदव्या, किती बढत्या आणि किती सत्कार उभे आहेत, हे सगळ्या प्राध्यापकांना ठाऊक आहे. म्हणूनच त्या पायाला कुणी हात लावत नाही.

यामिनीने पेपर पाठवला. जर्नल परदेशातलं. त्यांच्याकडून प्रत्येक लेखकाला ई-मेल गेली. नवलभाऊंची ई-मेल दोधू बघायचा. दोधूचं बॅनर छापायचं दुकान होतं आणि भाऊंना फोटो पाठवण्यापलीकडे ई-मेलचा काही उपयोग नव्हता. 'आपला लेख मिळाला, धन्यवाद' एवढंच त्या ई-मेलमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर बॅनर झळकलं. 'जागतिक संशोधक नवलभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन.' फोटोत भाऊंच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हाताखाली सूक्ष्मदर्शक चिकटवलेला होता. तोही उलटा.

यामिनी एसटीतून उतरली ती थेट दोधूच्या दुकानात शिरली.

"दोधूभाऊ, पेपर मंजूर नही व्हयेल आजून. नुसता पोचना शे."

"ताई," दोधू शांतपणे म्हणाला, "आपला आठे पोचना म्हंजे व्हयनाच."

बॅनर उतरवायचा प्रश्नच नव्हता. भाऊंचं बॅनर उतरवायला भाऊंची परवानगी लागते, आणि ती मागायला भाऊंसमोर उभं राहावं लागतं. प्राचार्यांनी यामिनीला बोलावून घेतलं.

"आता हा पेपर नामंजूर होता कामा नये. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"सर, ते माझ्या हातात नाही. समीक्षक ठरवतात."

"कुठले आहेत हे समीक्षक? आपल्या कुणाच्या ओळखीचे आहेत का ते बघा."

ओळखीचे नव्हते. म्हणून त्यांनी पेपर वाचला. काम चांगलं आहे, असं त्यांनी कळवलं आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, प्रत्येक लेखकाने नेमकं कोणतं काम केलं ते लिहा. दोन, तपासलेल्या प्लांटशी कुणा लेखकाचा धंद्याचा संबंध असेल, तर तो उघड करा. तो पेपरात छापला जाईल.

यामिनीला वाटलं, सुटले. आता तरी भाऊंच्या लक्षात येईल आणि ते आपण होऊन बाजूला होतील. ती बंगल्यावर गेली. भाऊ झोपाळ्यावर होते.

"भाऊ, ते विचारतात, तुमचा या धंद्याशी काही संबंध आहे का?"

"शे नं! लिख. नवलगंगाना मालक. पेट्रोल पंप. जिनिंग. मार्केट कमिटीना माजी संचालक..."

"तसं नाही भाऊ. संबंध असला की लोक संशय घेतात."

"घेऊ दे नं! आपली कोनती चोरी शे? निवडनूकना फॉर्ममा बी बठ्ठं लिखस मी."

"आणि पेपरासाठी तुम्ही काम काय केलं, तेही लिहायचंय."

भाऊंनी झोपाळा थांबवला. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मग त्यांचा चेहरा उजळला. "पानी कोनी दिधं?"

"सात नंबरचं तुम्ही दिलं."

"मंग तेच लिख. पानी नवलभाऊनी दिधं. चांगलं ठळक लिख."

"भाऊ, स्पष्ट सांगते. सात नंबरचं पाणी सगळ्यांत खराब निघालंय."

"सातवा नंबर ना?" भाऊ हसले. "इतला प्लांट शेत गावमा. सातवा काही वाईट नही."

ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. त्यांनी हाताने 'जाय आते' अशी खूण केली.

घरी धनुबाईने लेकीचं तोंड पाहिलं आणि भाकरी थापता थापता विचारलं, "काय व्हयनं व बई?"

यामिनीने सगळं सांगितलं.

"मंग तू खोटं लिखी ऱ्हायनी का?"

"नही माय. भाऊ सांगतस तसंच लिखी ऱ्हायनू."

"मंग भ्यास काबरं? भ्यानार त्या भ्यातीन." धनुबाईने भाकरी उलटली.

यामिनीने लिहिलं. भाऊंनी सांगितलं ते, सांगितलं तसं, एक अक्षर पदरचं न घालता. पहिले लेखक सात नंबरच्या प्लांटचे मालक आहेत आणि त्या प्लांटचं पाणी त्यांनीच पुरवलं आहे. पुन्हा सगळ्यांकडे संमतीची ई-मेल गेली. प्राचार्यांनी संमती दिली, भूपेंद्र सरांनी दिली, काजलने दिली. भाऊंची दोधूने दिली.

ऐन हिवाळ्यात पेपर मंजूर झाल्याचं पत्र आलं. गावाबाहेर मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि वाऱ्याची दिशा बदलली की अख्खं कॉलेज शिंकत होतं. सत्कार सभागृहात ठेवला. शाल, नारळ, फेटा. मंचावर भाऊ, शेजारी प्राचार्य, मग काजल मांडीवर लेकरू घेऊन, मग भूपेंद्र सर. यामिनी सूत्रसंचालनाला, म्हणजे पुन्हा उभीच. प्रत्येक रांगेच्या टोकाला 'नवलगंगा'चा जार. मिरचीचा खाट घशात बसलेला, त्यामुळे लोक ग्लासामागे ग्लास रिचवत होते.

पहिल्या रांगेतून वार्ताहर करणसिंग उठला. "भाऊ, शोध काय लागला तेवढं सांगा. बातमीत लिहावं लागतं."

भाऊंनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी भूपेंद्र सरांकडे पाहिलं. भूपेंद्र सरांनी फेटा सारखा करायला घेतला.

"यामिनी सांगी," भाऊ म्हणाले. "बेटा, अहिरानीमा सांग. बठ्ठासले समजाले पाहिजे."

आपल्याला हे टाळता येईल का, असा विचार यामिनीच्या मनात आला. प्रबंध तर तसाही गेलाच होता. पाचव्या नावाला विद्यापीठ विचारत नाही. राहिल्या होत्या तासिका. आणि समोर पहिल्या वर्षाच्या मुली घटाघटा पाणी पीत होत्या. तिने माइक हातात घेतला.

"गावमातला जार तपासात. बठ्ठासमा घाण जार सात नंबरना निंघना. त्यामा संडासमातला जंतू शेत. त्या जारमा आतेपावत कोनी ब्रश फिरायेल नही. सात नंबर म्हंजे नवलगंगा. हाई मी मन्हं नही सांगस. भाऊना पेपरमा शे. पहिलं नाव त्यासनंच शे."

मग ग्लास खाली ठेवल्याचा आवाज पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत सरकत गेला. काजलने लेकराच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि सासऱ्याकडे न बघता खुर्चीखाली ठेवला. प्राचार्यांच्या तोंडात घोट होता. तो गिळावा तर जंतू आणि थुंकावा तर चेअरमन, अशा अवस्थेत ते डोळे मोठे करून बसून राहिले. शेवटी त्यांनी गिळला. नोकरी होती ती.

"भाऊ," करणसिंगने लिहिता लिहिता विचारलं, "शोध तुमचाच ना?"

"मन्हा कशाना शोध?" भाऊ ताडकन उठले. "मी कधी लॅबना दरवाजा तरी देखा का?"

"मग बॅनरवरचा सूक्ष्मदर्शक?"

"तो दोधूनी चिटकाडा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केबिनमध्ये बैठक. या वेळी यामिनीला खुर्ची मिळाली. शिपायाने स्वतःहून आणून ठेवली. कोपऱ्यातला जार मात्र दिसत नव्हता. जो तो घरून बाटली घेऊन आला होता.

"मन्हं नाव काढ. आतेना आते," भाऊ म्हणाले.

"अगदी बरोबर," प्राचार्य म्हणाले. "माझंही काढा. काजलताईंचंही."

"काढता येईल," यामिनी म्हणाली. "छापायच्या आधी चालतं. पण ज्याचं नाव काढायचं त्याने कारण लिहून सही करावी लागते."

"प्रकृती अस्वास्थ्य लिहा," प्राचार्यांनी सुचवलं.

"ते चालत नाही सर. ते एकच कारण मानतील. या माणसाने या कामात काहीही केलेलं नाही."

भाऊंनी मान हलवली. मग भूपेंद्र सर घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, माझंही एक पत्र काढा."

"सर, तुम्ही मार्गदर्शक आहात."

"प्रबंधावर सही करतो मी. प्रबंध कोण वाचतंय? पण या पेपरात नको."

यामिनीने पत्रं काढून आणली. आयुष्यात पहिल्यांदाच त्या केबिनमधल्या प्रत्येकाने सही करण्याआधी कागद वाचला. भाऊंनी तर दोनदा वाचला. 'मी या संशोधनात कोणतेही काम केलेले नाही.' या खोलीतून इतकं खरं कागदपत्र याआधी बाहेर पडलं नव्हतं. मग त्यांनी लफ्फेदार सही ठोकली.

पेपर छापून आला तेव्हा त्याच्यावर एकच नाव होतं. पहिलं तेच, शेवटचंही तेच. मार्चच्या आत यामिनीचा प्रबंध जमा झाला. पुढच्या सत्राच्या तासिका तिला मिळाल्या नाहीत. त्यासाठी कुणाकडून कारण लिहून घ्यायची पद्धत नाही.

छपाईआधी जर्नलने एक शेवटची गोष्ट कळवली होती. ज्यांनी लेखन किंवा संशोधन केलं नाही पण साहित्य पुरवलं, त्यांची नोंद लेखकांमध्ये नाही, पण शेवटी आभारात करावी. नियम म्हणजे नियम. भाऊंनी पाणी दिलंच होतं, हे तर त्यांनी स्वतः सांगितलं होतं. यामिनीने लिहून टाकलं : 'सात नंबरचा जार उपलब्ध करून दिल्याबद्दल नवलगंगा प्लांटचे मालक श्री. नवलभाऊ यांचे मनःपूर्वक आभार.'

फक्त एका गोष्टीची तिला खंत वाटली. भाऊंनी ठळक लिहायला सांगितलं होतं आणि त्या जर्नलात आभार बारीक अक्षरात छापतात.