नानांनी लावलेली पोपटी

नाना टिपणीस आमच्या दाराची बेल कधीच वाजवत नसत. बेल वाजली की आतला माणूस दचकतो, दचकला की धावत येतो, आणि धावताना, धरून चाला, पायपुसण्यावरून घसरला, मग? म्हणून ते दाराबाहेर उभे राहून खाकरत. आम्ही आत टीव्ही लावून बसलेले असलो तर खाकरतच राहत. शेवटी आमची ही म्हणायची, "उघडा हो, नानांचा घसा बसेल."

दार उघडलं की ते आत येत नसत. उंबऱ्याबाहेरूनच गॅसची नळी तपासली का, टाकीवरचं झाकण कुणी लावलं का, अशी चौकशी करून जात. 'धरून चाला' हे त्यांचं पालुपद. पनवेलच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगीत, नानांनी मनातल्या मनात एकदा तरी जिन्यावरून पाडला नाही, असा भाडेकरू नव्हता.

मी स्कूटर घेतली तेव्हा पेढा द्यायला गेलो. नाना खाली आले, स्कूटरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान आहे. धरून चाला, ब्रेक लागला नाही."

मी काही भित्रा माणूस नाही. पण दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडपर्यंत ब्रेकवर पाय ठेवूनच गेलो. तिसऱ्या दिवशीही. आठवड्यात ब्रेक खरंच गेला, आणि मी भाजीवाल्याच्या हातगाडीत, टोमॅटोच्या बाजूने शिरलो. नाना गुडघ्याला लावायला आयोडेक्स घेऊन आले. "बघा," एवढंच म्हणाले.

ऋतूंच्या बाबतीत तर ते नेहमी एक मुक्काम पुढे. होळीला छत्र्या दुरुस्त करून आणायचे. श्रावणात चुकून ऊन पडलं की स्वेटर वाळत घालायचे. ऐन थंडीत माठ विकत घ्यायचे, कारण मार्चमध्ये, धरून चाला, कुंभारच आला नाही. त्यामुळे चालू असलेला ऋतू त्यांना कधी भेटलाच नाही. एकदा गॅलरीत उभे राहून मला म्हणाले, "पेंडसे, आमच्या लहानपणी वाल फुलला की थंडी आली समजायचं. मग मामा यायचा, मग लग्नं निघायची. एकाचा हात धरून दुसरा यायचा. आता कुणाचा कुणाला पत्ता नाही. थंडी येते, मामा नाही."

नानांच्या पत्नी माई होत्या तोवर या सगळ्याला उतारा होता. नाना म्हणायचे, "धरून चाल, ही भिंत पडली." माई कणीक मळता मळता म्हणायच्या, "बरं, पडली. चहा टाकू?" की नाना गप्प. अशा कितीतरी भिंती माईंनी चहाबरोबर पाडल्या.

एका पावसाळ्यात माई गेल्या. फार आजारी नव्हत्या. नाना जन्मभर जे जे धरून चालले होते, त्यात नेमकं हे नव्हतं.

त्यानंतर आमच्या दाराबाहेरचं खाकरणं वाढलं. सकाळी दूध उतू गेलं का म्हणून, दुपारी वारा सुटलाय म्हणून, संध्याकाळी वारा पडलाय म्हणून. एकदा मी चिडून म्हणालो, "नाना, आता काय धरून चालू?" ते म्हणाले, "काही नाही. सहज आलो होतो," आणि जिन्याचा कठडा धरून परत गेले. हिने रात्री माझ्या आमटीत मीठ घातलं नाही. विचारलं तर म्हणाली, "धरून चाला, घातलंय."

नानांची एकुलती एक मुलगी सुधा पुण्याला. दर रविवारी वाण्याकडे तिचा फोन यायचा, आणि नाना वाण्याच्या पोत्यांमध्ये उभे राहून तिला सांगायचे, "मला सगळं जमतं." तिचं म्हणणं, बाबा, आता माझ्याकडेच राहायला या. नानांचं म्हणणं, मुलीच्या घरी कुणी कायमचं राहायला जातं का? आमच्यात तर आजोबा लेकीकडे पाणीसुद्धा प्यायले नाहीत. शेवटी सुधा म्हणाली, "मी येते आणि बघते. खरंच जमत असेल तर पुन्हा हा विषय काढणार नाही."

"ये," नाना म्हणाले. "मी पोपटी लावतो."

पनवेलबाहेरच्यांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, चार अंडी, बटाटे. पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाणी थेंबभर नाही. मधे उघडून बघायचं नाही. आत शिजतंय, जळतंय की नुसतंच बसलंय, ते कळत नाही. काळजी करणाऱ्या माणसाने लांब राहावं असा हा पदार्थ. टिपणिसांकडे तो दरवर्षी माई लावायच्या, आणि नानांना तेवढा वेळ बाजारात पाठवायच्या.

पाला आणायला मी जवळच्या नेऱ्याला गेलो. बांधावरून मोठ्या विश्वासाने पिशवी भरून निघालो, तेवढ्यात शेतावरची म्हातारी म्हणाली, "दादा, घरी बकरी हाय का?" मी नाही म्हणालो. "मंग यो कोनाला? भांबुर्डा तो नाय. तो थितं हाय." पिशवी रिकामी करून पुन्हा भरली.

बिल्डिंगीमागच्या मोकळ्या जागेत ऊन उतरल्यावर मडकं लागलं. नानांनी स्वेटर, मफलर घातला होता आणि हातात वाळूची बादली होती. जाळ धरला तसे ते मडक्याभोवती फेऱ्या मारू लागले. "करपेल का हो? माईचा जाळ एवढाच असायचा ना? पेंडसे, सुधा कच्ची म्हणाली तर संपलं. ती म्हणेल, बाबांना साधी शेंग भाजता येत नाही."

"काही होत नाही," मी म्हणालो. आणि त्यांच्यामागोमाग मीही एक फेरी मारली.

मग ते सुधाची रिक्षा दिसते का पाहायला कोपऱ्यावर गेले. जाताना बजावलं, "हात लावू नका. नुसतं लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. जितकं ठेवलं तितका जळका वास येऊ लागला. गरम मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते लगेच उडून गेलं, की पोपटी झाली, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. शिंपडलं. चुर्र झालं. आता, भर जाळातल्या मडक्यावर चुर्र होणार नाही तर काय होणार, हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा मी काठीने सगळा जाळ बाजूला केला आणि वर वाळूची बादली ओतली.

नाना सुधाला घेऊन आले तेव्हा मी विजयी मुद्रेने उभा होतो.

मडकं उघडलं. सुधाने शेंग सोलून दाणा तोंडात टाकला. तो दाताखाली कट्कन वाजलेला मला ऐकू आला. तिने अंडं फोडलं, ते वाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "कच्ची आहे."

नानांचं घर जातंय, तेही माझ्यामुळे, हे मला दिसत होतं. मी पुढे झालो. "सुधाताई, त्याचं काय झालं, मी..."

माझ्या पावलावर नानांची चप्पल पडली. चांगली जोरात.

"माझ्याच हातून राहिली," नाना म्हणाले. "जाळ लवकर काढला. नाही जमत गं मला. कालही भात लागला होता."

 सुधाने पदराने त्यांच्या गालावरची राख पुसली. "उद्या सकाळच्या गाडीने निघू," ती म्हणाली. "मी वर जाऊन तुमचे कपडे भरते."

"तू म्हणतेस तर," नाना म्हणाले.

ती गेली. मी म्हणालो, "अहो, मला सांगू द्यायचं होतं ना. तुमचं राहणं..."

"हळू बोला." नाना मडक्यात हात घालून शेंगा चाचपत होते. "माई गेल्यापासून त्या घरात संध्याकाळी बसवत नाही हो. पण येऊ का, असं बापाने मुलीला विचारायचं कसं? जीभ रेटत नव्हती."

मडक्याच्या एका कडेला जाळ जरा जास्त लागला असावा. तिथल्या थोड्या शेंगा शिजल्या होत्या. एकेक दाबून पाहून नाना तेवढ्याच ताटलीत काढत होते.

"या तिच्यासाठी," ते म्हणाले. "सकाळपासून उपाशी असेल." मग ताटली घेऊन जिन्याकडे निघाले आणि दोन पायऱ्या चढून थांबले. "पेंडसे, सुधाची जागा दोनच खोल्यांची आहे. मी फार खाकरतो का हो?"