मागच्या सीटखालची वाळू

मोरोपंत गाडीखाली शिरले आणि त्यांचे फक्त पाय बाहेर राहिले, तेव्हा गिरजाबाईंनी मुलाला विचारलं, "हर्षद, ह्ये गिऱ्हाईक हाय का मेक्यानिक?"

"गिऱ्हाईक हाय, आये. पेणवरनं आल्यात. मास्तर व्हते."

"मंग खाली कोनाला शिकवतायत?"

मोरोपंत पेणच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. नारळ घेताना कानाशी हलवायचा, ठोकायचा, पुन्हा हलवायचा आणि शेवटी न घेताच घरी यायचं, असा त्यांचा स्वभाव. रोह्याजवळच्या निडी गावातली ही पांढरी गाडी विकायची आहे हे कळल्यावर पुण्याहून सुश्रुतने, त्यांच्या मुलाने, नंबर टाकून तिची सगळी कुंडली मोबाइलवर पाठवली होती. अपघात नाही, विमा चालू, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. "बाबा, सगळं ठीक आहे. फक्त पुरात बुडलेली नाही ना, तेवढं मॅट उचलून बघा," असंही त्याने सांगितलं होतं. मोरोपंतांचा त्या रिपोर्टवर काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर माझ्या वर्गातली सगळी पोरं पास होती," असं म्हणून त्यांनी पिशवीत टॉर्च आणि शाळेतून निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला लोहचुंबक टाकला आणि बायकोला, श्यामलाबाईंना, घेऊन रोह्याच्या रेल्वेत बसले.

गाडी खरं तर हवी होती श्यामलाबाईंसाठी. त्यांचं माहेर रोह्याचं. माहेरचा गणपती दरवर्षी पेणच्या कारखान्यातून जायचा आणि तो न्यायचा मान श्यामलाबाईंचा. मांडीवर पाट, पाटावर रुमालाने तोंड झाकलेला गणपती आणि स्टिअरिंगवर मोरोपंत, असा तो प्रवास त्यांच्या जुन्या निळ्या गाडीतून वर्षानुवर्षं झाला. वाटेत नागोठण्याला भजी खायची, तीसुद्धा मुलांनी आईला भरवायची, कारण तिचे दोन्ही हात पाटाला. पुढे मुलं पांगली आणि निळी गाडी भंगारात गेली. श्यामलाबाईंचे गुडघे एसटीची पायरी चढेनासे झाले. गेली दोन वर्षं त्यांचा भाऊ टेंपो घेऊन यायचा आणि गणपती दोरीने बांधून न्यायचा. टेंपो गेला की श्यामलाबाई त्या दिवशी दुपारचा चहा घ्यायच्या नाहीत. यंदा मोरोपंतांनी शब्द दिला होता की गणपती तुझ्या मांडीवरूनच जाईल, आणि चतुर्थी तीन आठवड्यांवर आली होती.

श्यामलाबाईंची तपासणी केव्हाच आटपली होती. त्यांनी घरून पाट आणला होता. मागच्या सीटवर बसून तो मांडीवर घेतला, दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "बसतो." तेवढ्यावर त्या गिरजाबाईंशी अळूवडीच्या गप्पा मारू लागल्या.

मोरोपंत गाडीखालून निघाले ते पाठीवर काळं तेल घेऊनच. मग त्यांनी पत्र्यावरून चुंबक फिरवायला सुरुवात केली. मागच्या दारावर तो सटकला.

"इथे पुट्टी भरली आहे. ठोकलीय कुठे?"

"फनस पडला, मास्तर," हर्षद म्हणाला. "बाबा झाड तोडतो म्हनत व्हते. मंग फनस खाल्ला न् गप बसले."

हर्षदचे वडील गोविंदा धाटावच्या कंपनीत होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. हर्षद आता बाइकने शिफ्टला जायचा आणि गाडी पडवीत उभी राहायची. उंदीर वायर कुरतडतील म्हणून त्यानेच आईच्या मागे लागून ती विकायला काढली होती.

मोरोपंतांनी मागची मॅट उचलली आणि त्यांचे डोळे चमकले. खाली वाळू होती. त्यांनी चिमूट घेतली, तळहातावर पसरली, टॉर्च मारला.

"नदीची वाळू आहे ही," ते वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "कण बघा, झिजून गोल झालेले. वाऱ्याने आलेली नाही, रस्त्यावरची नाही. गाडी पुरात बुडलेली आहे."

गिरजाबाईंच्या हातातलं तांब्याभांडं तसंच राहिलं. "कोन बुडाली?"

"गाडी. पुरावा आहे माझ्याकडे." त्यांनी खिशातल्या कागदाची पुडी केली, तीत वाळू भरली, पुडीवर पेनने काहीतरी लिहिलं आणि ती पिशवीत ठेवली. "शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवतो."

आवाज ऐकून शेजारची चार माणसं कुंपणाशी आली. श्यामलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, मॅटखाली बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, विसर्जनाची वाळू ही. गणपती सोडला की पाटावर मूठभर वाळू घेऊन घरी येतो ना आपण? येताना सांडली असेल. आपल्या निळ्या गाडीत काय कमी होती? भंगारवाल्याने मॅट झटकली तेव्हा अंगणात ढीग पडला होता. तुम्हीच म्हणालात, सगळी कुंडलिका नदी आणली का घरी."

मोरोपंतांना तो ढीग आठवला. त्याच्याशेजारी उभी राहून रडणारी बायको आठवली. त्यांनी टॉर्च विझवला.

पण आता वेळ गेली होती. गिरजाबाईंनी गाडीचं दार लावलं. "आमचं ह्ये शिफ्ट करून आले तरी आधी गाडी पुसायचं न् मंग जेवायचं. त्यांच्या गाडीला बुडाली म्हनता? मला नाय विकायची."

"आये, अगो—"

"तू गप. ह्यांनी आपल्या गाडीचा तपास केला ना, आता मी ह्यांचा करते. पेणला माझा भाऊ हाय, नाथा. गनपतीच्या कारखान्यात."

मोरोपंतांचा चेहरा उतरला. नाथाचा कारखाना म्हणजे तोच, जिथून माहेरचा गणपती जायचा. हर्षदने नाइलाजाने फोन लावला आणि गिरजाबाईंना नीट ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. कुंपणाशी उभे असलेले लोक दोन पावलं आत आले.

"मोरू मास्तर?" फोनमधून नाथाचा आवाज आला. "त्यांना गाडी देतेस? अगो, त्यांची निळी व्हती, ती धुताना कधी दिसले नायत. पावसाळाभर झाडाखाली उभी. एकदा डिकीत मांजर व्यायली, तर पिल्लं मोठी व्हईपर्यंत मास्तर टपावर सामान बांधून फिरत व्हते."

"न् चालवतात कशी?"

"चालवतात कुठं? गनपती घेऊन कारखान्यातनं निघाले की पार रोह्यापरयंत दुसरा गियर. मागं येष्ट्या बोंबलतायत, ह्यांना पत्ता नाय. एकदा एक डायवर शिव्या द्यायला खाली उतरला, तर वैनींच्या मांडीवरचा बाप्पा दिसला. पाया पडून परत गेला बिचारा."

कुंपणाशी कोणीतरी हसलं. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन हर्षदकडे दिला आणि गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिल्या.

"आमचं ह्ये पन तसंच," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हनायची, चालत गेलो असतो तर आदी पोचलो असतो. तर म्हनायचे, द्येवाला धक्का नको." मग त्यांनी श्यामलाबाईंकडे पाहिलं. "घ्येऊन जा गो बाय. पन गनपती नेताना हितं थांबायचं. मी गाडी बघनार."

गाडी पेणला आली आणि मोरोपंतांना त्या परीक्षेने पछाडलं. आयुष्यभर त्यांनी परीक्षा घेतल्या होत्या, द्यायची वेळ आता आली होती. नाथाचं ते "धुताना कधी दिसले नायत" तर त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी सर्व्हिसिंगवाल्याकडे नेली आणि स्वतः उभं राहून आतून बाहेरून धुऊन घेतली. मॅट साबणाने घासली, सीटखाली मशीन फिरवून कण न् कण ओढून घेतला. श्यामलाबाई म्हणाल्यासुद्धा, "एवढी कशाला?" पण त्यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाई मागे बसल्या, मांडीवर पाट आला, पाटावर गणपती आला आणि मोरोपंतांनी दुसरा गियर टाकला. नागोठण्याला भजी घेतली. भरवायला मुलं नव्हती, म्हणून मोरोपंतांनीच मागे वळून एकेक भरवलं. "मीठ जास्त आहे," श्यामलाबाई म्हणाल्या आणि सगळी खाल्ली.

निडीला गिरजाबाई वाटच बघत होत्या. त्यांनी गणपतीला हात जोडले, श्यामलाबाईंना हळदकुंकू लावलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मोरोपंत हात मागे बांधून उभे होते. मग गिरजाबाईंनी दार उघडून मागची मॅट उचलली.

"वाळू?"

"एक कण ठेवला नाही," मोरोपंत अभिमानाने म्हणाले.

गिरजाबाईंनी मॅट परत खाली ठेवली, नीट बसवली. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पानी आनते." आणि घराकडे वळल्या.

हर्षद खालच्या आवाजात म्हणाला, "बाबांनी सोडलेल्या शेवटच्या गनपतीची व्हती ती वाळू. गाडी पडवीत व्हती तवर आये मॅट उचलून बघायची अधनंमधनं. जाऊ द्या मास्तर, तुमाला काय म्हाईत."

जन्मात एकदा गाडी धुतली आणि नेमकी तीच धुवायची नव्हती. मागे श्यामलाबाईंचे डोळे भरले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. एकाएकी मोरोपंत पुढच्या सीटकडे धावले, समोरचा कप्पा उघडला, त्यातली तेव्हापासून पडून असलेली पिशवी काढली, टॉर्च आणि चुंबक बाजूला केला आणि हात वर धरून ओरडले, "गिरजाबाई, थांबा."

त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. हर्षदने ती घेतली आणि वरचं अक्षर वाचलं. "नमुना. निडी. संशयास्पद."

"काय लिवलंय?" गिरजाबाईंनी विचारलं.

"बाबांची वाळू हाय, असं लिवलंय," हर्षद म्हणाला.

गिरजाबाईंनी पुडी उघडली. मग त्यांनी अर्धी वाळू पदराच्या टोकाला बांधली आणि उरलेली मॅट उचलून जिथे होती तिथे परत टाकली.

"गाडी पास," त्या म्हणाल्या. "न् मास्तर पन. निगा आता, आनी सावकाश जावा."

रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर मागून एसटीने हॉर्न दिला. मोरोपंतांनी आरशात पाहिलं.

"कितव्या गियरवर आहात?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या."

"असू दे," त्या म्हणाल्या आणि पाट दोन्ही हातांनी जरा अजून जवळ घेतला.