गाईने नमस्कार केलेली फरशी

फरशी निवडण्यात माझी चूक होणं शक्यच नव्हतं. मी तिसगावात हायस्कूलला चित्रकला शिकवतो. रंग, रेषा, पोत, छायाप्रकाश हे सगळं मी पोरांना इतकी वर्षं फळ्यावर काढून दाखवत आलोय, आणि स्वतःच्या घराची फरशी मला निवडता येणार नाही होय? नव्या घराचा स्लॅब पडला, प्लास्टर झालं, तेव्हाच मी जाहीर करून टाकलं, की बाकी सगळं तुम्ही ठरवा, पण फरशीत कुणी बोलायचं नाही!

बायको लगेच बोलली. आरतीला गप्प बसणं जमत नाही, आणि ती बरोबर बोलते हे त्याहून वाईट.

"अहो, चकचकीत नका घेऊ. मॅट घ्या, जरा खरखरीत. आईंचे गुडघे दुखतात, पाय सरकला तर?"

आई ओट्यावर शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "शाबादी बसव. पायाला धरती ती."

मी हसलो. चित्रकलेचा शिक्षक ज्या दयेने तिरकं घर काढणाऱ्या पोराकडे बघतो, तसा हसलो. शहाबादी फरशी काळपट, तिच्यावर प्रकाश मरतो. कोटा फरशीचा रंग हिरवट, उदास. मॅट म्हणजे न पुसलेला फळा. मी एकटाच नगरला गेलो. दुकानदाराने एक पांढरी फरशी काढली, तिच्यात करड्या रेषा संगमरवरासारख्या वाहत गेलेल्या. त्याने ती माझ्यासमोर उभी धरली आणि म्हणाला, "सर, हिच्यात बघून भांग पाडा." मी खरंच पाडला. त्या फरशीत मी जरा तरुणच दिसत होतो. पुढे घासाघीस करण्यात अर्थ नव्हता.

बसवताना मी मच्छिंद्र मिस्त्रीच्या डोक्यावर उभाच होतो. एका फरशीची रेष दुसरीच्या रेषेला जुळलीच पाहिजे, हा माझा आग्रह. त्याने बसवलेल्या फरश्या मी परत उचलायला लावल्या. शेवटी तो रबरी हातोडी खाली ठेवून म्हणाला, "सर, फरशी हाय ही. नवरीची मेंदी न्हाई."

पण झाली तेव्हा अशी झाली, की दारात उभं राहिलं तर छताचा पंखा खाली फिरताना दिसावा. मग मी नियम केले. चपला फाटकाबाहेर. पाय धुवायचे, नुसते धुवायचे नाहीत तर पुसायचे. शेजारची पोरं खिडकीतून बघतील. आई एकदा बघायला आली. ती अजून मागच्या पत्र्याच्या खोलीतच राहत होती, गोठ्याला लागून. उंबऱ्यावर उभी राहून तिने अंगठ्याने फरशी चाचपली आणि पाय मागे घेतला.

"वास्तुशांतीला येते मी," ती म्हणाली. "तवर तुझं तू सांभाळ."

आता हरणीबद्दल सांगायला हवं. हरणी आमची गाय. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा माझ्या आईने फडकं दुधात बुडवून तिला चोखायला देऊन जगवलं. आई माझ्याशी जेवढं बोलते त्याच्या दुप्पट गोठ्यात बोलते, आणि तिथे तिला उत्तरंही मिळतात असा तिचा दावा आहे. नव्या घरात पहिलं पाऊल गाईचं पडतं, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्या कुणाची गाय आणायचा प्रश्नच नव्हता. आईने मात्र एक अट घातली.

"दारापसून देवघरापतूर गोणपाट टाक. जनावराचं खूर त्या काचंवर टिकायचं न्हाई. पाय फाकला तर गाय जाती कामातून. ऐकलं का?"

ऐकलं, म्हणालो. ऐकलंही होतं. गोणपाट टाकलेही होते.

ऊसतोडीला गेलेली माणसं परतल्यावरचा मुहूर्त धरला होता, म्हणजे सगळा गाव जेवायला असेल. त्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये उभा राहून एकदा नजर फिरवली आणि माझ्या काळजात कळ आली. एवढी फरशी, एवढ्या जुळवलेल्या रेषा, आणि त्यावर पेंडीच्या पोत्यांचा रस्ता! फोटोग्राफर यायचा होता. जन्मभर त्या अल्बममध्ये पेंडीच्या कंपनीचं नाव वाचायचं का? मी गोणपाट गुंडाळले आणि पाण्याच्या टाकीमागे टाकले. मग मोबाईलवरच्या एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पुसायच्या पाण्यात खोबरेल तेल घालून सगळा हॉल पुसला. थेंब घाला म्हणाले होते. मी धार धरली.

आरती आत डोकावली. "अहो, आज गाय यायचीय ना इथून?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

गुरुजींनी मंत्र सुरू केले. आई फाटकापाशी आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावत होती. कारभारीमामांनी, म्हणजे आईच्या धाकट्या भावाने, हरणीचं दावं धरलं. हरणी उंबऱ्यापाशी आली, खाली बघितलं आणि थांबली. खाली दुसरी गाय होती. मामांनी पुढून ओढलं, मी मागून ढकललं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, इकडे बघा." मी इकडे बघितलं आणि जोर लावला.

हरणी आत गेली. पुढचे पाय देवघराच्या दिशेने निघाले, मागचा एक स्वयंपाकघराकडे आणि दुसरा बेडरूमकडे. क्षणभर ती तशी पसरत राहिली आणि मग पोटावर बसली. हनुवटी फरशीला टेकली.

गुरुजींचा मंत्र अडकला.

मग कारभारीमामांचा आवाज आला, दाटून आलेला. "नमस्कार घातला. गाईनं वास्तूला नमस्कार घातला."

"एवढ्या वास्तू केल्या," गुरुजी म्हणाले, "पण असं कधी बघितलं नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पक्कं माहीत होतं काय झालंय ते. तेलाचा वास माझ्या हाताला अजून येत होता. एका वाक्याचं काम होतं, की अहो ती घसरलीय, धरा तिला. पण ते वाक्य म्हणायचं तर पुढचं वाक्य फरशीबद्दल म्हणावं लागलं असतं. मी हात जोडले.

तिथून पुढे काही माझ्या हातात राहिलं नाही. बायका आत आल्या आणि हरणीच्या खुरांना कुंकू लावू लागल्या. ती उठायला धडपडली, पाय परत सरकला, पोटावर आपटली. "परत घातला," कुणीतरी म्हणालं, आणि मोबाईल वर झाले. बाजारचा दिवस होता. बातमी फाट्यावर गेली, तिथून बाजारात, आणि भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं माझ्या दारात रांग लावून उभी राहिली. मी काय करत होतो? मी दारात उभा राहून सांगत होतो, "चपला बाहेर काढा, देवाचं ठिकाण आहे." फरशी वाचवायला देव बरा सापडला होता.

मग नारळ आले. लोकांनी ते फोडले, आणि फोडणार कशावर, माझ्या फरशीवरच. तेलावर नारळाचं पाणी सांडलं. कारभारीमामा नारळाची शकलं गोळा करायला पुढे गेले आणि हरणीशेजारी आडवे झाले. "मामांनी लोटांगण घातलं," रांगेतून आवाज आला, आणि त्यांच्याही कपाळाला कुंकू लागलं. मामा कंबर धरून नुसतं "अयाई" म्हणत होते, ते लोकांना मंत्रासारखं वाटलं असावं.

हरणी परत उठायला गेली. या वेळी तिचा मागचा पाय बाहेरच्या बाजूला फारच गेला आणि ती हंबरली. रांगेतल्या माणसांनी हात जोडले. मला त्या हंबरण्यात वेगळं काही ऐकू आलं नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या आईला आलं.

ती रांगेतून वाट काढत दारात आली. तिला काही सांगावं लागलं नाही. फरशीवर उभं राहायचाही प्रयत्न तिने केला नाही. नवं कोरं लुगडं नेसलेली माझी आई सरळ खाली बसली आणि हात टेकत, सरकत, जवळजवळ रांगत त्या पांढऱ्या फरशीवरून हरणीपर्यंत गेली. नव्या घरातला तिचा पहिला प्रवेश असा झाला. सगळं गाव बघत होतं आणि फोटोग्राफरने तेवढ्यापुरता कॅमेरा खाली केला.

तिने हरणीचं डोकं मांडीवर घेतलं. "दर्शन कसलं घेताय? तिला उठता येईना. खूर धरीना तिचं, दिसंना का तुमाला?"

रांग मोडली. आई माझ्याकडे बघत होती.

"गोणपाट कुठं हायत?"

"टाकीमागे," मी म्हणालो.

"बाहीर मुरूम पडलाय त्यो आना. शेन आना, माती आना. हाताला येईल ते आना आन पसरा हितं."

आणि मी, कल्याण सर, गावातल्या निम्म्या पोरांना ज्याने चित्रकला शिकवली तो मी, भर माणसांत स्पष्ट आवाजात म्हणालो, "आई, मुरमाने ओरखडे पडतील."

ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं. गुरुजींनी पळी ताम्हनात ठेवली. मामांचं कण्हणं थांबलं. माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप दारात उभे होते, त्यांनी माना खाली घातल्या. आई हरणीच्या मानेवरून हात फिरवू लागली. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आरतीने शालू खोचला, दारामागचं घमेलं उचललं आणि बाहेर गेली. मग मीही गेलो. माझ्या हातापायांना इतकी घाई पूर्वी कधी नव्हती, पण आता घाई करून ते वाक्य काही परत गिळता येत नव्हतं.

आम्ही मुरूम ओतला. शेण पसरलं. गोणपाट अंथरले. मी गुडघ्यांवर बसून माझ्याच रेषांवर मुरूम चोळत होतो आणि तो खरखरत होता. मग पोटाखालून पोतं घालून दोन्ही बाजूंनी माणसं लागली. आई हरणीच्या कानाशी बोलत होती, "उठ गं बाई, धरतंय आता. उठ." हरणीने खूर रोवला. धरला. थरथरत उभी राहिली, तिथेच शेण टाकलं, आणि लंगडत दाराकडे निघाली. कुणीतरी जयजयकार करायला तोंड उघडलं, पण आजूबाजूला बघून मिटलं.

मुरमाच्या त्या रस्त्यावरून आई ताठ चालत देवघरापर्यंत गेली. पाय कुठेच डगमगला नाही. देवाला हात जोडले आणि हरणीच्या मागोमाग गोठ्यात निघून गेली. पंगती बसल्या, कारण स्वयंपाक झालेला होता. मी वाढायला होतो. "सर, गुळवणी," एवढंच लोक माझ्याशी बोलले.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, पण मागचा पाय सुजलाय, शेकत राहा. मी शेकायला गेलो तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." त्यापुढे तिने माझ्याशी बोलणंच सोडलं. मी गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहायचो आणि परत यायचो.

असाच उभा होतो तेव्हा फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. एक माणूस उतरला. सूर्यभान नाव सांगितलं, संगमनेरकडचा होता. एवढ्या लांबून तो माझं घर विचारत विचारत आला होता. त्याच्या मोबाईलवर हरणीच्या नमस्काराचा व्हिडिओ होता, मागे सनई टाकलेला.

"सर, आमची बी वास्तुशांत हाय," तो म्हणाला. "ही फरशी कुठल्या दुकानातली? आमच्या गाईनं बी असाच नमस्कार घालावा, असा मंडळींचा हट्ट हाय."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फरशीबाबत माझा सल्ला मागत होतं. माझे कान तापले.

"तो नमस्कार नव्हता," मी म्हणालो. "ती घसरली होती. मी फरशीला तेल लावलं होतं. तुम्ही खरखरीत घ्या, आणि वर गोणपाट टाका."

त्याने मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पन तुमी तर हात जोडून उभं हाय की ह्याच्यात."

"हो."

"म्हंजी घसरली हाय, हे तुमाला तवाच ठावं हुतं?"

मी गोठ्याच्या कुडाकडे बघितलं. पत्र्याकडे बघितलं. आत आई मिठाच्या गरम पाण्यात बुडवलेलं फडकं पिळत होती. तिने मान वर केली नाही.

"व्हय," ती म्हणाली. "ठावं हुतं त्याला."

सूर्यभानने मोबाईल खिशात घातला. चहा घ्या म्हणालो तर नको म्हणाला, लांब जायचंय. मोटारसायकलचा आवाज फाट्याकडे विरत गेला आणि मी तिथेच उभा राहिलो. आईने बराच वेळ पाण्यात बोट घालून बघितलं. मग पातेलं माझ्या दिशेने सरकवलं.

"घे. शेक."

मी खाली बसलो, शेणात, विजार न सावरता. फडकं बुडवलं, पिळलं, आणि हरणीच्या सुजलेल्या पायाकडे हात नेला. हरणीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि पाय उचलून आईच्या बाजूला नेला.