जंपर गाडीत टाकलास ना?

मंडळी, गाडीसाठी जंप स्टार्टर कसा निवडावा, हे मला विचारा! ऑस्ट्रेलियातल्या अख्ख्या मोनारो पठारावर या विषयात माझा हात धरणारा माणूस सापडायचा नाही. माझी गाडी म्हणजे आठ सिलिंडरचं, साडेचार लिटरचं डिझेल धूड. बॅटरी बसली की बाहेरून झटका देऊन तिला जागं करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

महिनाभर मी याच ध्यासात होतो. दुकानात मी आत शिरलो की विक्रेता मागच्या दाराने चहाला जायचा. शेवटी घेतला एकदाचा! लिथियमचा, विटेएवढा, एक लाल आणि एक काळा चिमटा असलेला. लाडाने मी त्याला ‘जंपर’ म्हणू लागलो.

त्याच दिवशी दुकानात आमचा शेजारी क्लॅरी भेटला. त्याच्या हातात साबणाच्या वडीएवढा जंपर!

“अरे क्लॅरी, हे काय खेळणं घेतोस?”

“डब्यावर आकडा बघ की केवढा आहे!”

“तो आकडा म्हणजे गळ टाकून आलेल्याने सांगितलेली माशाची लांबी! क्षणभराचा झटका आहे तो. इंजिन फिरेपर्यंत जोर किती टिकतो, ते बघायचं. आणि डिझेल किती लिटरपर्यंत उठवतो, ते वेगळं बघायचं!”

“केल्विन, माझी गाडी एवढीशी आहे आणि पेट्रोलवर चालते.”

“तरी काय झालं!” मी म्हणालो आणि आणखी अर्धा तास त्याला शहाणा करत राहिलो.

आता मुख्य गोष्ट. माझी बायको ग्लेनिस आणि तिची कुत्री पिप मेंढ्या वळवण्याच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचल्या होत्या. पहिल्यांदाच! पिपचे गुडघे आता कुरकुरतात, त्यामुळे हे तिचं शेवटचं वर्ष. नाव पुकारलं तेव्हा मैदानात हजर नसलं की बाद. म्हणून आदल्या दिवशीच निघून वाटेत नदीकाठी तंबू ठोकायचा, असा बेत मीच आखला होता.

निघताना मी न्हाणीघरातून ओरडलो, “ग्लेनिस, जंपर गाडीत टाकलास ना?”

“कुठला?”

“नवा गं! लाल-काळा!”

“तो जाडजूड?”

“जाडजूडच पाहिजे! या थंडीत बारक्याचा काय उपयोग?”

“टाकला रे बाबा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर पांढरंशुभ्र हिव पडलं होतं. मी किल्ली फिरवली. गाडी ‘टिक’ म्हणाली. पुन्हा फिरवली. तेवढंही म्हणाली नाही!

“काय झालं?” ग्लेनिसने विचारलं.

“काही नाही गं. रात्रभर गाडीतला फ्रीज चालू राहिला वाटतं. बिअर गार राहावी म्हणून...”

“बाहेर पाणी गोठलंय, आणि तू बिअर गार करत होतास?”

“चिंता कसली करतेस? आपल्याकडे जंपर आहे! काढ!”

तिने मागून पिशवी काढली. पिशवीतून निघाला स्वेटर. लाल-काळ्या पट्ट्यांचा, जाडजूड, तिने स्वतः माझ्यासाठी विणलेला. आमच्या मुलखात लोकरीच्या स्वेटरलाही जंपरच म्हणतात, हे मी महिनाभराच्या अभ्यासात साफ विसरलो होतो!

“अगं, हा नाही! गाडीला लावायचा!”

“गाडीला स्वेटर?”

पुढचा संवाद छापण्यासारखा नाही. पिपसुद्धा तंबूमागे जाऊन बसली.

रस्त्यावर चिटपाखरू नाही. ग्लेनिस घड्याळ बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. ती शिव्या देत होती तोवर बरं होतं हो! मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्याने तो स्वेटर चढवला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

तेवढ्यात एक बारकी गाडी फटफटत आली. क्लॅरी! स्पर्धेच्या मैदानावर सॉसेज भाजण्याचं काम त्याच्याकडे, त्यामुळे गाडी सॉसेजच्या खोक्यांनी गच्च.

“बॅटरी बसली? थांब, माझा जंपर आहे ना!”

त्याने ती साबणाची वडी माझ्या राक्षसी इंजिनाला जोडली. मी किल्ली फिरवली. टिक! पुन्हा टिक! मग सगळं शांत.

आणि मंडळी, काय सांगू, मला असा आनंद झाला म्हणता! मी टाळीच वाजवली. “बघ! बघ क्लॅरी! मी म्हणालो नव्हतो? नाही उठणार! साडेचार लिटर डिझेल आहे ते! शब्द न् शब्द खरा ठरला माझा!”

ग्लेनिसने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सॉसेजचं एक खोकं उचलून माझ्या हातात ठेवलं, मोकळ्या झालेल्या जागेत पिपला बसवलं आणि स्वतः पुढे जाऊन बसली.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुझं बरोबर आहे ना? मग बस इथेच तुझं बरोबर घेऊन!”

गाडी गेली. दिवसभर मी नदीकाठी बसून कच्च्या सॉसेजची राखण केली. तिथल्या मॅगपाय पक्ष्यांना जंप स्टार्टर कसा निवडावा ते समजावलं. त्यांनीही माझ्या डोक्यावर चोची मारल्या.

संध्याकाळी क्लॅरीची गाडी परतली. पिपच्या गळ्यात निळी रिबन! पहिला नंबर! मी धावत जाऊन दोघींना मिठी मारली, आणि खरं सांगतो, माझेच डोळे वाहायला लागले.

“बक्षीस काय मिळालं?”

ग्लेनिसने मांडीवरचा खोका उघडला. ट्रॅक्टरच्या दुकानदाराने स्पर्धेसाठी दिलेलं बक्षीस. आत लिथियमचा जंप स्टार्टर! माझ्या जंपरहूनही मोठा. आठ लिटर डिझेलपर्यंत!

तिने चिमटे लावले आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात गुरगुरायला लागली.

मला राहवेना. “आण गं, जरा बघू तो जंपर,” म्हणून मी हात पुढे केला.

ग्लेनिसने खोका पोटाशी धरला.

“हा माझा आहे. तुझा तू अंगात घातलायस.”