म्हशीखालचं चाळीस फूट पाणी

धनेशला पोहता येत नव्हतं, म्हणून त्याने होडी घेतली. हसू नका, आधी त्याचं म्हणणं ऐका. "बुडतो तो पोहणारा. होडीवाला कशाला बुडेल?" असं तो मोखाड्याच्या बाजारात छाती काढून सांगायचा.

धरणापलीकडच्या पाड्यांवर माणसं पोचवायची, चार पैसे मिळवायचे आणि प्रगतीशी लग्न करायचं, असा बेत होता. प्रगती तयार होती. तिची आई माघीमावशी नव्हती.

"पाण्यावर पोट आन् पोहाया येत नाय? पोरगी नाय देणार."

"मावशी, होडीला यंत्र आहे. खाली किती पाणी ते आकड्यात दाखवतं. खोल दिसलं की मी मागे वळलोच."

"बरं. रविवारी मला बसव. सुखरूप काठाला आणलंस तर बघू."

आणि रविवारी सकाळीच यंत्राने मान टाकली. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा!

धनेशने भिवंडीत मोबाईलच्या दुकानात काचा पुसल्या होत्या, त्यामुळे तो स्वतःला इंजिनियरच समजायचा. बॅटरी बदलली. वायरींची टोकं घासली. खोली मोजायला पाण्यात बुडवायचा गोळा सोडवून राख-लिंबाने लख्ख केला. शेवटी दोन चापटी मारल्या. रेघा जशाच्या तशा. तेवढ्यात माघीमावशी उतारावरून येताना दिसली. घाबरून त्याने सगळी बटणं एकदम दाबली, आणि काय सांगू, यंत्र झळकलं! चाळीस फूट पाणी आणि त्यात गुबगुबीत मासे.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. ते दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायचं चित्र होतं. पाण्यातला गोळा वायरीसकट धनेशच्या बुडाखालीच पडला होता, जोडायचा राहिला होता. ते यंत्र चुलीपाशी ठेवलं असतं तरी चाळीस फूटच दाखवणार होतं.

मावशी बसली. होडी निघाली. चाळीस फूट. धनेशने डावीकडे वळवली. चाळीस. उजवीकडे नेली. चाळीस! त्याला घाम फुटला. अंगात तरंगवणारं जॅकेट होतं, तेही होडीत एकच, आणि मालक वाचला तर धंदा वाचेल म्हणून ते त्यानेच घातलं होतं. थेट काठाकडे पळावं म्हणून त्याने इंजिन ताणलं, तर पाण्याखाली गेलेल्या जुन्या भातखाचराच्या बांधावर होडी खर्रकन चढली आणि अडकली.

"मावशी, हलू नका," धनेशचा आवाज चिरकला. "खाली चाळीस फूट आहे."

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. "ती म्हस बघ. तिच्या पोटाला पाणी लागतंय नुसतं."

"म्हशी पोहतात, मावशी."

"रवंथ करत?"

धनेशने यंत्राकडे बोट दाखवलं. त्याच वेळी यंत्रातून एक मोठा मासा गेला. मावशीने कपाळावर हात मारला, लुगडं खोचलं आणि उतरली. पाणी गुडघ्याला. ती चालत चालत काठाला गेली, मागे वळूनही पाहिलं नाही.

धनेश उतरेना. डोळ्यांना गुडघाभर पाणी दिसत होतं, पण जीव चाळीस फुटांवर अडकला होता. "मला वाचवा," तो ओरडला. काठावर सगळा पाडा जमला आणि हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

शेवटी प्रगतीच पाण्यात शिरली. "चल, हात दे."

"पाय हलत नाहीत गं."

तिने त्याला नाचणीच्या पोत्यासारखा खांद्यावर घेतला आणि काठाकडे निघाली. एवढ्यात म्हातारा देवजी टाळ्या वाजवत नाचायला लागला, मग सगळ्यांनीच ठेका धरला. लग्नात नवऱ्याला खांद्यावर घेऊन नाचवायची रीतच आहे इथे. फक्त तो खांदा मामाचा असतो.

माघीमावशी मट्कन खाली बसली. "नवरा तर खांद्यावर चढला," ती म्हणाली. "आता एवढ्या सकाळी हळद कुठून आणू?"